बिनकुलपाचा कॉम्प्युटर

मुरुड, १२ नोव्हेंबर २०२५

अंजू,

वर आशीर्वाद लिहू की नको, कळेना. म्हणून लिहीत नाही, तो आहेच असं समज. पत्र कामापुरतं आहे. तू आमचे सगळ्यांचे नंबर बंद करून टाकलेस, बरंच केलंस. पण कॉलेजचा पत्ता काही कुणाला बंद करता येत नाही. नांदेडच्या तुझ्या पॉलिटेक्निकच्या नावानं, वर 'कॉम्प्युटर लॅब' लिहून हे टाकते आहे. पोचलं तर वाच.

काम असं की आपल्या छपाईच्या दुकानातला कॉम्प्युटर बसला. आधी पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात, तुमची विंडोजची प्रत अस्सल नाही, असं यायला लागलं. अस्सल नाही हे मला माहीत होतं. लातूरच्या माणसानं बसवलेली, बाजारातल्या सगळ्या दुकानांत तीच. तरी रेटत होते. मग दिवाळीची झाडझूड करताना मागच्या बाजूला खराटा लागला आणि मराठी सॉफ्टवेअरचं ते लॉक मोडलं. तीच बोटाएवढी काडी, जी लावल्याशिवाय आपलं एक अक्षर उघडत नव्हतं. ती बनवणारी कंपनी कधीच गुंडाळली म्हणे. लातूरवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "काकू, हे जुनं आता समदं बंद व्हायलंय. नवा पीसी घ्या, नवी विंडोज घ्या, सॉफ्टवेअर बी नवंच घ्या." मी म्हणलं, "दुकानदारीण तेवढी जुनी चालंल का?"

तुळशीचं लग्न झालं, लोक पत्रिका घेऊन यायलेत आणि मी त्यांना लातूरला पाठवून राहिले. तुझे मामा, म्हणजे आमचे हे, गेल्यापासून हे दुकान मी एकटीनं ओढलं, मध्ये दोन वर्षं तू होतीस तेवढाच काय तो सुखाचा काळ. श्रीशैल दर रविवारी फोनवर म्हणतो, आई, दुकान मोड आणि पुण्याला ये. त्याच्या फ्लॅटमध्ये मी काय करू? लिफ्टमध्ये चढताउतरताना लोकांना रामराम घालू?

तू इथं बसून म्हणायचीस, आत्या, सगळा धंदा दुसऱ्याच्या कुलपावर ठेवू नका, असंही सॉफ्टवेअर असतं ज्याला कुलूपच नसतं, कुणीही वापरावं, उघडून बघावं, वाटावं. मी हसायचे. तेच आता हवं आहे. जमेल का मला, आणि कसं, एवढं कळव.

कामापुरतं म्हणाले, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते. मुरुडात लोक विचारतात, सून गेली का? गेली. कागदावर सह्या झाल्या, गेली. चूक कुणाची ते गावानं भरपूर चघळलं, त्यात मी आणखी चघळत नाही. श्रीशैलला लग्न नको होतं तर त्यानं आधी तोंड उघडायचं होतं. पण तू सून व्हायच्या आधी माझ्या पाठच्या भावाची लेक होतीस. पोर आत्याच्या घरात दिली की घर परकं होत नाही, असं आपली जुनी माणसं सांगत आली. झालं उलटंच. एक लग्न मोडलं आणि दोन घरं तुटली. चंद्रप्पा म्हणाला, "आक्का, आता तुझं-माझं काई न्हाई," आणि बिलोलीला निघून गेला. तेव्हापासून पंचमीला मला माहेर नाही.

सून गेली ते मला मान्य आहे. भाची का जावी, हे मात्र मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

शिवम्मा आत्या


मुरुड, २८ नोव्हेंबर २०२५

अंजू,

तुझं पार्सल पोचलं. पेन ड्राइव्ह आहे आणि तुझ्या अक्षरातली पानं आहेत. पानांत 'हे दाबा', 'ते निवडा', 'घाबरू नका' सगळं आहे. 'कशा आहात' नाही. 'आत्या' हा शब्दही नाही, मी नीट शोधला. तरी पोस्टमनला मी चहा पाजला.

तुझ्या कागदाप्रमाणे केलं. चालू होताना बटण दाबायचं ते आधी हुकलं, मग बोट ठेवूनच बसले. पडद्यावर तुझ्या त्या बिनकुलपाच्या सॉफ्टवेअरचं नाव आलं, ट्रिस्क्वेल. ते जिभेवर चढायला मला अजून वेळ लागेल. मला सगळ्यात आवडलं काय, तर ते आधीच विचारतं, नुसतं चालवून बघता की कायमचं बसवता? म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच सगळं हिंडून फिरून बघायचं, जुन्याला हात लागत नाही, पसंत पडलं तरच बसवायचं. मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत बसले. तुमच्या दोघांच्या वेळी आम्ही म्हाताऱ्यांनी एवढी तरी सोय ठेवायला हवी होती. जाऊ दे.

जुन्या फायली हार्ड डिस्कच्या डबीत काढून घेतल्या आणि बसवलं. अंजू, माझ्या हातानं बसवलं. कुणाचा नंबर टाका म्हणालं नाही, अस्सल आहे का म्हणून विचारलं नाही. प्रूफ काढायचा लेझर प्रिंटर जोडला तर सीडी मागितली नाही की काही नाही, पान बाहेर. मी ते कोरं पान गल्लीत दाखवून आले.

मग इंटरनेटची काडी चालेना. तू तिसऱ्या पानावर लिहिलंच होतंस, की त्या काडीच्या पोटात काय चालतं ते कंपनी सांगत नाही, म्हणून ट्रिस्क्वेलवाले तिला दारात उभं करत नाहीत. एवढं सोवळं माझ्या सासूनंही पाळलं नव्हतं! मोबाइल वायरीनं जोडायला सांगितलंस तसा जोडला, नेट आलं.

आता वाईट बातमी. जुन्या पत्रिका उघडत नाहीत. उघडतात, पण मराठी कुठंच नाही, कोंबडीनं पाय उमटवावेत तसं इंग्रजी. मामांच्या वेळच्या, तुझ्या वेळच्या, साऱ्याच. हे माझ्याकडून बिघडलं का?

आणि आभार. ते कागदावर लिहायची आपल्यात पद्धत नाही, पण लिहिते.

शिवम्मा आत्या


मुरुड, १५ डिसेंबर २०२५

अंजू,

हे पत्र टाइप केलेलं आहे, बघितलंस? दुपारचं जेवण झाल्यावर बसले आहे आणि आता दिवे लागायची वेळ झाली. कळफलक निराळाच. डाव्या हाताला काना-मात्रा, उजव्या हाताला क-ख-ग. जुन्या सवयीनं बोट जातं एकीकडं आणि उमटतं भलतंच. 'शिवम्मा' लिहायला गेले आणि जे उमटलं ते एखाद्या तेलुगू गावाचं नाव वाटत होतं. पण आता बसत चाललंय.

तुझ्या उत्तरानं जीव भांड्यात पडला. म्हणजे जुन्या फायलींत मराठी कधी नव्हतंच. आतून इंग्रजी अक्षरं, वरून मराठी अंगरखा. अंगरखा त्या कंपनीचा, कंपनी गेली, अंगरखा गेला. इतकी वर्षं आपण मराठीच छापतोय असं समजत होतो की गं. ठीक आहे, पुन्हा लिहीन. नवं लिहिलेलं तरी कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल म्हणालीस, त्यावर विश्वास ठेवून लिहिते आहे.

तू विचारलंस, आत्या, दुसरं सॉफ्टवेअर देऊ का, ज्यात इंटरनेटची ती जुनी काडी चालेल, थोडी कुलपं त्यात असतात पण सोपं जाईल. (हो, या वेळी 'आत्या' लिहिलंस. वाचलं मी.) विचार केला. नको. एकदा खराट्यानं अद्दल घडली आहे. जे आहे ते सगळं उघडं असेल तेच ठेवू, अडलं तर मोबाइलची वायर आहे. शिवाय त्याच पाकिटात तू दुसरी काडीही घातलीस, यात चालणारी, ती लावल्या लावल्या लागली. तुझं तिथं काम असताना माझ्यासाठी दुकानं हिंडलीस, हे मी विसरणार नाही.

सगळं गोडच आहे असंही नाही. लोक लातूरहून डिझाइनच्या फायली आणतात, त्या इथं अर्ध्यामुर्ध्या उघडतात, चित्र असतं तर अक्षरं नसतात. मी सांगते, मजकूर कागदावर आणा, मी नव्यानं मांडते. काही जण परत जातात. लातूरवाला येऊन वाकून बघून गेला. "काकू, हे काय बसवलाव? ह्याच्यात आमचं काईच चालत न्हाई की!" मी म्हणलं, "हाव, तुमचं चालत न्हाई. माझं चालायलंय."

'शोधा आणि बदला' हे तू शिकवलंस ते फार कामाचं आहे. एक नाव सांगितलं की सगळ्या पानावर आपोआप बदलतं. मला तर नादच लागलाय.

शिवम्मा आत्या


मुरुड, ९ जानेवारी २०२६

अंजू,

तुझ्या आत्यानं एका नवरदेवाला मारून टाकलं. आधी पूर्ण वाच, मग काय ते बोल.

आडत लाइनच्या मंडळींची पत्रिका आली. मुलाचं नाव उमाशंकर, आजोबांचं नाव ठेवलेलं. आजोबा दोन वर्षांखाली गेले. मजकूर देणाऱ्यानं आजोबांच्या नावाआधी काहीच लिहिलं नव्हतं, आणि आपल्यात गेलेल्या माणसाआधी 'लिंगैक्य' लावलं नाही तर केवढा बोभाटा होतो ते तुला माहीत आहे. मी म्हणलं, घालू. आणि हातानं घालायचं सोडून मला सुचली तुझी युक्ती. 'उमाशंकर' शोधा, 'लिंगैक्य उमाशंकर' करा, सगळीकडे. दाबलं बटण. प्रूफ काढलं आणि चष्मा न लावता पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मुलाचा बाप, चुलता आणि आजी सिद्धम्मा, तिघं दुकानात. बापाच्या हातात प्रूफ. नवरदेव: चि. लिंगैक्य उमाशंकर. निवासस्थान: लिंगैक्य उमाशंकर निवास. खाली संपर्काला लिंगैक्य उमाशंकर ट्रेडर्स. दुकानसुद्धा सोडलं नव्हतं मी.

अंजू, लग्नाच्या कागदावर असलं अशुभ, तेही मुलाच्याच नावाला. वाटलं, झालं, आता हे गावभर होणार आणि दुकान मोडून पुण्याची लिफ्ट. चुलता बोलूनच राहिला होता, "फुकटचं कायबाय बसवून घेतलंव आन् लोकायच्या घरात सुतक घालाय निघालाव!" मी खाली बघून उभी. म्हणलं, "चूक कॉम्प्युटरची न्हाई, माझी हाय."

तेवढ्यात सिद्धम्मानं त्याच्या हातातलं प्रूफ ओढून घेतलं. डोळ्याजवळ धरून वाचलं. आणि हसायला लागली, पदर तोंडावर. "अगं माय, म्हाताऱ्याला वर करमंना वाटतं. नातवाला बलवलं, आडत बी बलवली!" मग लेकाकडे वळली. "जित्या माणसाची मेल्याची खबर आली तर त्याचं आयुष्य वाढतंय रे. यमानं एकदा नाव वाचलं, आता लई साल वाचत न्हाई. शिवम्मा, माज्या नातवाचं आयुष्य तू वाढवलंस. नीट करून छाप." आणि माझ्या हातावर गूळ ठेवून गेली, जवळच्या किराणा दुकानातून आणवून.

चुलताही शेवटी हसला. पत्रिका आपल्याकडेच छापल्या. मी आता 'सगळीकडे बदला' दाबण्याआधी देवाचं नाव घेते आणि चष्मा लावते.

शिवम्मा आत्या


मुरुड, २२ जानेवारी २०२६

अंजू,

फोन आला तेव्हा मला वाटलं लातूरवाला. उचलला तर नुसतं हसणं. तू बोलतच नव्हतीस, 'ट्रेडर्स' एवढंच मध्ये म्हणायचीस आणि पुन्हा हसायचीस. तुझं हसणं ऐकायला मी एवढी तरसले होते, हे मला ते ऐकल्यावर कळलं. सिद्धम्माच्या पाया पडून आले दुसऱ्या दिवशी. कशाला पडतेस, म्हणाली. मी सांगितलं नाही.

मग हसू आवरून तू रविकिरणशी लग्न ठरल्याचं सांगितलंस. फोनवर मी नुसतं चांगलं, चांगलं म्हणत राहिले, म्हणून आता नीट लिहिते. फोन ठेवून मी रडले. त्यात थोडं आपल्या घराचं दुःख होतं, खोटं कशाला बोलू. पण जास्त होता तो आनंद. तुझ्याबरोबर शिकवतो, तू कॉलेजात पोचायच्या आधी तो चहा करून ठेवतो, तुला विचारल्याशिवाय हो म्हणत नाही. एवढं बास आहे. सुखी राहा. हा आशीर्वाद आहे आणि तो या वेळी लिहून देते.

मला एक दे. पत्रिका माझ्याकडून घे. मोबदला विचारलास तर पत्र फाडून टाकीन. तुझ्या लॅबमध्ये तेच सॉफ्टवेअर आहे, माझ्याकडेही तेच आहे. मी इथं मांडीन, तू तिथं उघडून बघ, तुला हवं ते बदल, परत पाठव.

चंद्रप्पाला सांगू नको कुठं छापतेस ते. उगाच शुभकार्यात खोट नको.

शिवम्मा आत्या


मुरुड, ५ फेब्रुवारी २०२६

अंजू,

आता हे बंद कर.

मी फाईल पाठवली. निमंत्रकांत तुझे आई-बाप, काका-काकू, खाली तुझे आजोळचे मामा. तू ती परत पाठवलीस, शेवटच्या ओळीत घालून: 'आत्या: श्रीमती शिवम्मा गुरुपादप्पा, मुरुड.' मी ती ओळ काढली आणि पाठवली. तू पुन्हा घातलीस. मी पुन्हा काढली, वरून लिहिलं, खोड्या पुरे. आज सकाळी उघडते तर ओळ परत तिथंच, आता अक्षर आणखी ठळक! जुनं लॉक असतं तर तुला हात लावता आला नसता. याला कुलूप नाही म्हणून दोघी एकमेकींचं खोडत बसलोय.

जरा विचार कर. रविकिरणच्या घरचे पत्रिका वाचतील. आमच्या पोरीच्या लग्नाला यायचं हं, असं कोण म्हणतंय, तर तिच्या पहिल्या नवऱ्याची आई! लोक पत्रिका लग्नापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचतात, हा माझ्या धंद्याचा अनुभव आहे. तू लिहितेस, 'मी सासूचं नाव घातलेलं नाही, आत्याचं घातलंय. नोव्हेंबरात तुम्हीच विचारलं होतं ना, भाची का जावी? हे उत्तर आहे.' वाचून मी शटर अर्धं ओढलं आणि आत जाऊन बसले. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारत होतं.

मला नाव नको असं नाही गं. मला ते इतकं हवं आहे की म्हणूनच मी खोडून राहिले. चंद्रप्पानं पत्रिका बघून ती ओळ काढायला लावली तर ते मला सोसणार नाही. मीच काढली तर निदान कुणी काढली नाही असं तरी होईल.

पण तू ऐकत नाहीस, तर मग दुकानाच्या नियमानं जाऊ. घरच्या कर्त्यानं प्रूफवर सही केल्याशिवाय आमच्या ह्यांनी कधी छपाईचं मशीन चालू केलं नाही, मीही करत नाही. तुझ्या त्या ठळक ओळीसकट प्रूफ काढलंय आणि आजच्या एसटीनं बिलोलीला पाठवते आहे. छापणाऱ्याचं नाव खाली आहेच, मी लपवत नाही. बापाला विचार. त्यानं ओळ खोडली तर तू पुन्हा घालायची नाही. शब्द दे.

शिवम्मा आत्या


मुरुड, १४ फेब्रुवारी २०२६

अंजू,

दिवस जात नव्हते. रोज एसटीच्या वेळेला स्टँडवर जाऊन कंडक्टरला विचारत होते, बिलोलीचं काही आलंय का. श्रीशैलला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाला, "आई, तुझं नाव असू दे. चंद्रप्पा मामांनी ठेवलं तर बरं होईल." एवढं तरी बोलला.

आज पाकीट आलं. स्टँडवर उघडायचा धीर झाला नाही, दुकानात आणलं, विभूती लावली आणि उघडलं.

खाली सही आहे. चंद्रप्पाची, लफ्फेदार, शाळेत होती तशीच. सहीवर नजर गेली आणि लगेच वर शेवटची ओळ बघितली, तर तिच्यावर लाल पेन फिरलेला. मी प्रूफ पालथं घातलं आणि बसले. थोड्या वेळानं, बघायचं तर बघूच, म्हणून सुलटं केलं. चष्मा लावला.

ओळ खोडलेली नाही, अंजू. तिच्याभोवती लाल गोल आहे. गोलातून बाण निघालाय, तुझ्या मामांच्या नावावरून, काका-काकूंवरून वर गेलाय, तुझ्या आईवरून, आणि त्याच्या स्वतःच्या नावाच्याही वर जाऊन थांबलाय. पोरीचा बाप आहे तो, पहिलं नाव त्याचं. तिथं त्यानं माझी जागा केली. समासात दोनच शब्द लिहिलेत:

'थोरली आधी.'

मी नाव वर नेलं. चंद्रप्पाचं त्याच्याखाली घेतलं. पुन्हा प्रूफ काढलं नाही, सही आहे त्याची. मशीन चालू केलंय, छापून राहिले, शाई वाळायला पत्रिका सगळ्या दुकानभर मांडल्यात, पाय ठेवायला जागा नाही.

नांदेडच्या पत्रिका एसटीनं पाठवते. बिलोलीच्या पाठवणार नाही. बापाला फोन करून सांग, त्या घेऊन आक्का येतीय.

आत्या